‘वाटणी’तलं राहिलेलं काम

कुडाळ,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपेशदादा,

फोन केला की तू “कामात आसंय गो, मगे बोलूया” म्हणतोस आणि ते मगे काही उजाडत नाही. म्हणून हा मेल. सवडीनं वाच.

दिवाळीत मसुऱ्याला मामीकडे जाऊन आले. तब्येत बरी आहे तिची. गाय गाभण आहे, त्यामुळे गोठ्यातून तिचा पाय निघत नाही. तुझी आईच ती, तुझं नाव दिवसातून दहादा निघतं. “औंदा तरी येतलो काय गो तो?” असं मला विचारते, जशी काही तुझी रजा मीच अडवून ठेवली आहे. मी आपलं सांगते, जर्मनीत रजा मिळत नाही. खरं-खोटं तुला माहीत.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या ऑफिसचं तुला ठाऊक आहे. मासेमारीच्या होड्यांवर बसवायचा एक संच आहे, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. हवामानाचा इशारा देणं, होडी कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणं, आणि अडचणीत किंवा परतताना दाबायची बटणं. मूळ काम पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं, आम्ही इथून करून देतो. पण आमचा प्रोग्रॅम आता एवढा वाढलाय की सकाळी एक बदल केला तर सगळं कंपाइल होऊन, मशीनला कळेल अशा रूपात उतरून, तपासायला मिळेस्तोवर संध्याकाळ होते. पुण्याचे साहेब कंटाळलेत. मार्चनंतर काम तिकडे नेऊ म्हणतात, ज्यांना यायचं त्यांनी या. समीक्षा माझ्या शेजारी बसते, तिचं बाळ अजून रांगतंय. मीही बाबांना सोडून कुठे जाणार? आमचे मालक परशुराम सर नुसते खिडकीशी उभे राहतात.

म्हणून मी तू कॉलेजात असताना लिहिलेली ‘वाटणी’ आमच्या सगळ्या मशीनवर बसवली. काय सुंदर चालते रे! एका मशीनचं कंपाइलचं काम सगळ्यांना वाटून देते. पण एका ठिकाणी अडते. आमची जवळजवळ प्रत्येक फाइल एकाच भल्यामोठ्या हेडरवर, सगळ्यांना लागणाऱ्या याद्यांच्या सामाईक फाइलवर, उभी आहे, आणि ते हेडर आम्ही आधीच कंपाइल करून ठेवतो. असं प्रीकंपाइल्ड हेडर दिसलं की ‘वाटणी’ ते काम कुणाला देतच नाही. सगळं माझ्याच मशीनवर, आणि बाकीची मशीनं रिकामी बसून असतात. तुझ्या माहितीपत्रात शेवटी लिहिलंय, “प्रीकंपाइल्ड हेडर सध्या चालत नाहीत. पुढे करीन.”

दादा, ते “पुढे” आता करशील का?

तुझी,
रसिका

*

हॅम्बुर्ग,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रसिका

तुझा मेल मिळाला बरं वाटलं तू वाटणी वापरतेस हे ऐकून आश्चर्य वाटलं मला वाटलं होतं ती कधीच मेली असेल

मला हल्ली वेळ नसतो गो तूच कर तुला जमेल कल्पना सोपी आहे हे दर एकदा तयार झालं की ते दुसऱ्या मशीनला पाठवायचं आणि तिथे ठेवून द्यायचं प्रत्येक कामाबरोबर परत पाठवायचं नाही कारण ते फार मोठं असतं आणि सगळ्या मशीनवर कंपाइलर अगदी एकच हवा थोडाही वेगळा असला तर त्याचं हे दर याला चालणार नाही बाकी तुला कळेलच

आयेला सांग मी बरा आहे

दीपेश

*

कुडाळ,
८ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

जर्मनीत पूर्णविराम महाग झालेत का? आणि “हे दर” म्हणजे हेडर हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. आमच्या शाळेत शुद्धलेखनात पहिला येणारा हाच का तो, असं समीक्षा विचारत होती.

पण तुझ्या त्या न थांबणाऱ्या चार वाक्यांवर मी कामाला लागले आणि जमलं! हेडर माझ्या मशीनवर तयार होतं. ज्या मशीनकडे ते नाही तिला एकदा पाठवते, तिथे ते नावानिशी ठेवलं जातं, आणि पुढच्या कामांना तेच वापरलं जातं. काल पहिल्यांदा सगळी मशीनं एकदम कामाला लागली. जेवायला बसलो होतो, डबे उघडून होईपर्यंत सगळं कंपाइल होऊन पुढ्यात! परशुराम सरांनी कुणाला काही न सांगता बाहेर जाऊन सगळ्यांसाठी गुळाचं खाजं आणलं.

मसुऱ्याला गेले होते तेव्हा मामीनं विचारलं, “तू नि तो मिळान काय करतास ता माका सांग.” मी म्हटलं, मामी, प्रत्येक फाइलीला सुरुवातीला तीच तीच लांबलचक माहिती वाचावी लागते. ती दर वेळी वाचण्यापेक्षा एकदाच तयार करून ठेवायची. ती म्हणाली, “म्हंजे मसालो एकदाच भाजून-कुटून ठेवच्यासारख्या.” मी म्हटलं हो, आणि तो आता शेजारच्या घरांत पण पोचवायचा. तिला एवढं कौतुक वाटलं की घरात आलेल्या प्रत्येकाला ऐकवत होती.

कोड सोबत जोडलाय. पुण्याला द्यायच्या आधी तू एकदा नीट बघ. तुझी नजर फिरली की मला धास्ती नाही.

तुझी,
रसिका

*

हॅम्बुर्ग,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय रसिका

बघितलं ठीक आहे छान केलंस

दीपेश

*

कुडाळ,
९ जानेवारी २०२५

दीपेशदादा,

रागात लिहिते आहे, तेव्हा तोलून-मापून लिहायला जमणार नाही.

काल वेंगुर्ल्याच्या जेटीवर संचाची चाचणी होती. गंगाराम तांडेल म्हणून आहेत, त्यांच्या होडीवर संच बसवला होता. मी आणि समीक्षा जेटीवर होडीचे संदेश दाखवणारा पडदा घेऊन बसलो होतो, पुण्याचे साहेब मागे उभे. होडी जरा बाहेर गेली आणि ठरल्याप्रमाणे गंगारामांनी ‘मदत हवी’ हे लाल बटण दाबलं.

पडद्यावर आलं, “परतीला लागलो.”

परत दाबायला सांगितलं. परत तेच. साहेब म्हणाले, “चुकीचं बटण दाबत असतील.” होडी आली. गंगाराम उतरले, संच माझ्या हातात दिला आणि एकदम शांतपणे म्हणाले, “बाय, बटाण मी बरोबर दाबलंय. ह्या भायर दर्यात झाला असता, तर तुमी हंय चाय पीत रवलां असतास, आमी परतान येतत म्हणान.”

मी संच उलटसुलट करून बघत राहिले. समीक्षा तर रडलीच.

रात्रभर डोकं चालवून आज कारण सापडलं. समीक्षानं आदल्या आठवड्यात हेडरमध्ये संदेशांच्या यादीत वरती एक नवा संदेश घातला होता. त्यामुळे खालच्या सगळ्यांचे क्रमांक एकेक घरानं सरकले, आणि होडीवरून जातो तो नुसता क्रमांक. माझ्या मशीनवर हेडर नवं झालं. पण बाकीच्या मशीनवर जुनंच पडून होतं, आणि माझा कोड फक्त नाव बघतो. त्या नावाचं हेडर आहे ना, मग झालं! लाल बटणाचा भाग त्यातल्या एका मशीनवर जुन्या क्रमांकानं कंपाइल झाला आणि पडद्याचा भाग नव्या क्रमांकानं. कुठेही चूक म्हणून दाखवली नाही. सगळं हिरवं, सगळं ठीक.

चूक माझी आहे, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली. पण दादा, तू बघितलं होतंस ना? हेडर बदललं तर पुढे काय, हा प्रश्न तुझ्यासारख्याला पहिल्या वाचनात पडायला हवा होता. मी तुझ्या “ठीक आहे”वर विसंबून पुण्याला दिलं. वेळ नव्हता तर तसं सांगायचं होतंस.

रसिका

*

हॅम्बुर्ग,
१० जानेवारी २०२५

रसिका

गंगाराम तांडेल सुखरूप आहेत ना तेवढं कळव

दुसरं काही मला आता लिहिता येत नाही तू म्हणतेस ते बरोबर आहे

दीपेश

*

कुडाळ,
२१ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

गंगाराम अगदी बरे आहेत. ते जेटीपासून फार लांब गेलेच नव्हते, मी तुला नीट सांगायला हवं होतं. ‘वाटणी’ सध्या बंद ठेवली आहे. पुण्याच्या साहेबांनी फेब्रुवारीअखेर पुन्हा चाचणी करू, तोवर ठरवू असं सांगितलंय.

मागच्या मेलमधला राग गेला. का गेला ते सांगते, आणि मी चुकत असले तर मला झिडकार.

रविवारी मी मसुऱ्याला होते. आदल्या दिवशी गाय व्याली होती. मामीनं तुला व्हिडिओ लावला तेव्हा मी तिच्या मागेच, गोठ्याच्या दारात उभी होते. तू मला पाहिलं नाहीस, असं तेव्हा वाटलं. मामी म्हणाली, “बघ रे, पाडी झाली. दिसता मां?” आणि तू लगेच म्हणालास, “दिसता तर! काय गोड आसा गो. पाय बघ कशे लांब!”

दादा, मामीचा अंगठा कॅमेऱ्यावर होता. फोनच्या कोपऱ्यात मला दिसत होतं, तुला जात होता तो नुसता काळोख. मी पुढे होऊन तिचा अंगठा काढणार, तोवर तू पाडीच्या कानांचं कौतुक करत होतास. मामीचा चेहरा फुलला होता. मी हात मागे घेतला.

तिथून कुडाळला येईपर्यंत एकेक आठवत गेलं. तुझे पूर्णविराम नसलेले मेल. “हे दर.” ते कुणी टाइप केलेलं नाही, फोननं ऐकून लिहिलेलं आहे, हे मला आता कळतंय. फोन घाईघाईनं ठेवणं. एवढी वर्षं न येणं. आणि “बघितलं, ठीक आहे.”

तुला दिसत नाही का रे दादा?

मी मामीला काही बोललेली नाही. बोलणारही नाही.

तुझी,
रसिका

*

हॅम्बुर्ग,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रसिका,

हा मेल मी बोलूनच लिहितो आहे, पण या वेळी “पूर्णविराम”, “स्वल्पविराम” असं मोठ्यानं म्हणत. शेजारच्यांना वाटत असेल, मी मंत्र म्हणतोय.

होय. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसणं आधी जातं, मग ते आत आत सरकत येतं. आता मधोमध एक लहानसा गोल उरलाय, आणि तोही धुक्यातला. उजेड कळतो. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते नाही. औषध नाही. पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी गावी येणारच होतो, तिकीटही काढलं होतं. मग वाटलं, आये मला बांधाच्या दगडी गडग्यावर अडखळताना बघेल. तिकीट रद्द केलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि ज्या माणसानं एकदा “दिसता” म्हटलं, त्याला दर रविवारी “दिसता”च म्हणावं लागतं.

नोकरी आहे, पण प्रोग्रॅम लिहिण्याची नाही. मागच्या वर्षीच मी मागून घेतली, फोनवर लोकांच्या अडचणी सोडवायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो, मेल त्यानं ऐकता येतो. पण कोड ऐकायला लागलो तर कंस, कंस बंद, कंस, अर्धविराम, कंस... मला भोवळ यायची. जे काम डोळे मिटूनही करीन असं मी म्हणायचो, ते खरोखर डोळे मिटल्यावर जमेना. मी ते सोडूनच दिलं.

तुझा कोड मी लावला होता. पाच-दहा ओळी ऐकल्या आणि बंद केला. माझ्यानं होत नाही एवढं लिहिलं असतं तर तुझं काही बिघडलं नसतं. पण तू लिहिलं होतंस, तुझी नजर फिरली की मला धास्ती नाही. तुझ्या लेखी मी अजून तोच होतो, ते मला मोडवेना. म्हणून “ठीक आहे” म्हटलं. गंगारामांचं ते बोलणं त्या यांत्रिक आवाजात मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं.

आता कामाचं. नावावर विसंबू नकोस. हेडरच्या आतल्या मजकुराचा ठसा घे. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. प्रत्येक कामाबरोबर तो ठसा पाठव. दुसऱ्या मशीनकडचं हेडर त्या ठशाचं नसेल, तर तिनं काम करायचं नाही, आधी नवं हेडर मागायचं. कंपाइलर वेगळा निघाला तर काम परत घरी पाठवायचं. उशीर झाला तरी चालेल, चुकीचं होता कामा नये.

लिहून झालं की मला पाठवू नकोस.

फोन कर आणि वाचून दाखव.

तुझा,
दीपेशदादा

*

कुडाळ,
२ मार्च २०२५

प्रिय दादा,

गेला महिनाभर तुझ्याशी रोज बोलत असूनही हे पत्र लिहिते आहे, कारण चाचणीच्या दिवशी तू फोनवर “पुरे गो” म्हणून मला बोलूच दिलं नाहीस.

पहिल्या दिवशी मी सगळे कंस वाचायला लागले तेव्हा तू ओरडलास, “कंस नको! तू मला गोष्ट सांग. हा काय करतो, मग कुणाला बोलावतो, तो नाही म्हणाला तर कुठे जातो.” मला आधी वाटलं, असं कसं जमेल? पण सांगायला लागले तेव्हा मी लिहिलेलं मलाच नव्यानं कळायला लागलं. जिथे मला गोष्ट सांगता यायची नाही तिथे नेमकी काहीतरी गडबड असायची. समीक्षा खुर्ची ओढून शेजारी बसायची. परशुराम सर दारातून आत-बाहेर करत ऐकायचे.

आणि तो ठशाचा भाग! मी वाचला, “हेडर तयार व्हायला सांगतो. ठसा घेतो. पाठवतो.” तू म्हणालास, “थांब. परत वाच.” मी परत वाचलं. तू म्हणालास, “तयार व्हायला सांगतेस, पण तयार झालं का ते विचारतेस कुठे? अर्धवट लिहिलेल्या फाइलीचा ठसा घेशील आणि तीच पाठवशील.” आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आमच्या चार डोळ्यांसमोरून ती ओळ किती वेळा गेली होती! आता हेडर आधी वेगळ्या नावानं लिहिलं जातं, पूर्ण झालं की मगच खरं नाव मिळतं, आणि मगच ठसा.

मुद्दाम हेडर बदलून बघितलं. एका मशीनवर जुना कंपाइलर ठेवून बघितला. समीक्षानं तर चालू कामात एका मशीनची वायरच उपटली. प्रत्येक वेळी ‘वाटणी’नं नीट नाही म्हटलं आणि काम घरी आणलं.

शुक्रवारी वेंगुर्ल्याला गेलो. गंगाराम येतील की नाही अशी धाकधूक होती. आले. या वेळी स्वतःच म्हणाले, “पयला लाल बटाण. बाकीचा मगे.” दाबलं आणि पडद्यावर आलं, “मदत हवी”, खाली होडीचं नाव, जागा. सगळी बटणं झाली, सगळी बरोबर. मग पुण्याच्या साहेबांनी तिथेच एक संदेश बदलायला सांगितला. मी ऑफिसात फोन केला. गंगारामांनी जाळ्याची एक फाटकी बाजू विणायला घेतली होती, ती संपायच्या आत नवं सॉफ्टवेअर संचात होतं. साहेब तसेच पुण्याला निघाले. पण काल परशुराम सरांना त्यांचा मेल आला. पुढच्या हंगामापर्यंत काम कुडाळलाच. त्यानंतरचं त्यानंतर. समीक्षानं बाळाला ऑफिसात आणून सगळ्यांच्या मांडीवर फिरवलं.

सर विचारतात, दीपेश आमचा कोड ऐकायचं काम रीतसर घेईल का? मी म्हटलं, त्यालाच विचारा. ते उद्या फोन करतील. “वेळ नाही” म्हणू नकोस.

आणि एक. मामीला मी सांगणार नाही म्हटलं होतं, तो शब्द पाळलाय. पण रविवारी ती पुन्हा फोन धरून उभी राहील, आणि मागे उभं राहून ते ऐकणं मला आता जमत नाही रे.

तुझी,
रसिका

*

हॅम्बुर्ग,
१७ मार्च २०२५

प्रिय रसिका,

परशुराम सरांना मी हो म्हटलं. आवाज कापत होता, पण त्यांनी बहुतेक फोनच खराब आहे असं समजून घेतलं.

काल आयेला सांगितलं.

व्हिडिओ न लावता साधा फोन केला, तर तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “आज तोंड कित्याक लपवतंस?” मग मला मागे फिरता येईना. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मगे जेवण कोण करता तुझा?”

मी म्हटलं, मीच करतो. हातानं चाचपून सगळं कळतं. मग ती रडली. मग रागावली. डोळ्यांवरून नाही, माझ्यावरून. “एकटोच बसान रवलंस एवढी वर्सां? आणि मी हंय हात दुखासर फोन धरून तुका दाखवतंय! सांगलं असतंस, तर तोंडान सांगलं नसतंय काय? माका बोलूक येणा नाय?”

मी म्हटलं, आये, चुकलो.

ती म्हणाली, “आता ऐक.” आणि बोलायला लागली. घरापुढच्या खळ्यात कुठे सावली आलीय, काजूच्या बिया कशा वाळत घातल्यात, शेजारच्यांनी घराला कसला भडक रंग दिलाय आणि तो तिला का आवडत नाही, वाटेनं आत्ता कोण गेलं आणि त्याच्या डोक्यावर काय होतं. फोनवर दोन मिनिटांत जेवलंस-झोपलंस संपवणारी माझी आये एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मी पलंगावर आडवा होऊन नुसता ऐकत होतो. कितीतरी वर्षांनी मला घर दिसलं गो.

मे महिन्यात येतोय. तिकीट काढलं आणि या वेळी रद्द करायचं नाही असं तिला वचन दिलं. गोव्याला न्यायला ये. हातात पांढरी काठी असेल, दचकू नकोस. मला अजून तिची लाज वाटते, ती तिथे पोचेपर्यंत जाईल अशी आशा आहे.

शेवटी आये दमली. म्हणाली, “माझा झाला. आता तू सांग.”

मी म्हटलं, काय सांगू? मला काय दिसतंय?

“काय दिसता ता रवांदे. थंय ऐकूक काय येता?”

मी उठलो, चाचपत खिडकीशी गेलो आणि ती उघडली. इथे अजून थंडी आहे. तिला सांगितलं, समोरच्या पुलावरून लोकल गेली, वळणावर तिची चाकं करकरली. बंदराकडून एका बोटीचा भोंगा येतोय. वरच्या मजल्यावर कुणीतरी पियानो शिकतंय आणि एकाच जागी चुकतंय. जिन्यात दोन मुलं भांडतायत, त्यांतलं एक आता रडणार. रडलंच. या घरात मी एवढी वर्षं राहतोय, पण असं कान देऊन ते कधी ऐकलं नव्हतं, आणि कुणाला सांगितलं तर नव्हतंच.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “बरो आसा मरे तुझो गाव. माका वाटलेला, थंय तुझ्या सोबतीक कायच नाय.”

तुझा,
दीपेशदादा